यादीबाहेरचा रंग

क्वेल रिज, ॲरिझोना
९ सप्टेंबर

प्रिय ओपल,

तुझी रानप्लमच्या मुरंब्याची बरणी न फुटता पोचली. अर्धी मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच चमच्यानं संपवली. आमच्या वसाहतीत उभं राहून खायला अजून तरी बंदी नाही. असेलही म्हणा, नियमावली मी शेवटपर्यंत कधी वाचलेली नाही.

वसाहतीच्या घरमालक मंडळाकडून मला नोटिशींवर नोटिशी येताहेत. कचऱ्याची गाडी येऊन गेली तरी डबा फुटपाथवरच होता, ही एक. पाण्याची नळी फुटपाथवर आडवी पडली होती, ही दुसरी. अंगणातल्या खडीत तण उगवलंय, ही तिसरी. आता वाळवंटात एखादी हिरवी काडी उगवली तर माणसानं हरखून जायला नको का? इथे नोटीस निघते.

या सगळ्याच्या मागे आहे तो मिस्टर पील. समोरच्या कोपऱ्यावरच्या घरात राहतो, मंडळाचा अध्यक्ष. बायको वारल्यापासून त्याला दुसरा उद्योग नाही. रोज सकाळी मोठी टोपी घालून गल्लीभर फिरतो आणि कुणाचं काय कुठे पडलंय ते टिपून घेतो. माझा डेल म्हणायचा, एल्विन पील स्वतःच्या अंत्ययात्रेतही उठून बसेल, गाड्या नीट रांगेत लावल्यात का बघायला!

मी हसण्यावारी नेलं असतं गं. पण डेल गेल्यावर मी घरावर आमच्या लेकीचं, जोडीचंही नाव लावलं, त्यामुळे प्रत्येक नोटिशीची प्रत पोर्टलंडला तिच्याकडे जाते. लगेच तिचा फोन. "आई, तुला एकटीला झेपत नाहीये." तिनं तिच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठीची एक जागा बघून ठेवली आहे. एक खोली, जेवण आयतं आणि दर बुधवारी बिंगो. आणखी थोडं काही झालं की ती विमानात बसणार आणि घर विकायला काढणार, हे मला तिच्या आवाजावरून कळतं. ओपल, मला या घरातून जायचं नाही. डेलची खुर्ची इथे आहे, त्यानं लावलेलं लिंबाचं झाड इथे आहे. मरायचं तर मला त्या झाडाखाली मरायचंय, बिंगो खेळताना नाही.

आता ताजी नोटीस अशी, की गॅरेजच्या दाराचा रंग उडालाय, तो नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत द्या. चालणारे रंग तीनच: वाळवंटी वाळू, वाळका गहू आणि मशरूम. तिन्ही म्हणजे दूध घातलेली कॉफीच, कुणात दूध जास्त, कुणात कमी. रंग मी स्वतःच देणार आहे. माणूस लावला तर जोडी म्हणेल, बघ, झेपत नाही.

तुझी,
व्हर्ना

ता. क. रविवारी चर्चच्या जेवणाला केक नेला होता. साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. पण आमची माणसं इतकी सभ्य, की दोघांनी संपवलासुद्धा!


नेब्रास्का
२० सप्टेंबर

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र मी टपालपेटीपाशी उभी राहूनच वाचलं आणि अशी तापले की घरात आल्यावर कॉफी गरम करायचीही गरज वाटली नाही.

माझ्या अंगणात जहागीरदारासारखा ऐसपैस बसलेला आपला जुना ट्रॅक्टर तुला आठवतोय ना? त्याच्या चाकांतून आता फुलझाडं वर आली आहेत आणि सीटवर कोंबड्या अंडी घालतात. तुझा तो पील इथे आला तर न्याहारीच्या आत त्याचे सगळे कागद संपतील.

तू मुळीच नमतं घेऊ नकोस. घर तुझं, दार तुझं, तण तुझं. डबा कुठे ठेवावा हे सांगणारा तो कोण टिकोजीराव? खरं तर तू इकडेच निघून ये. माहेरची तुझी खोली तशीच आहे. पोर्चची एक पायरी तेवढी सुटली आहे, आणि पंपाची नळी वाटेत असते, ती ओलांडून यावं लागतं. आणि कुत्रा कुठेही झोपतो. पण नियम? एकही नाही.

शनिवारी चर्चमध्ये राजमा-खिम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे रोल होते. तुझ्या वाटचा रोल मी खाल्ला.

आणि एक विचारते. तुझ्या ओळी हल्ली उतरणीला का लागल्यात? शेवटची तर पानाबाहेरच गेली. मुरंब्यात मी ब्रँडी घातली होती खरी, पण इतकी नाही.

तुझी,
ओपल


क्वेल रिज
१४ ऑक्टोबर

प्रिय ओपल,

रंगवलं! ऊन चढायच्या आत, पहाटेच्या गारव्यात, एकटीनं, दोन हात दिले. रंग विकत आणायचीही गरज पडली नाही. गॅरेजच्या फळीवर डेलनं मागच्या वेळचा वाळका गहू ठेवलेला होताच, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

आणि त्यावर काय, तर नोटीस. "मान्य यादीबाहेरचा रंग." यादीबाहेरचा! यादी त्यांची, गहू त्यांचा, आणि म्हणे यादीबाहेरचा!

या वेळी पील स्वतः दारात आला. म्हणाला, "मिसेस हॅस्केट, हा रंग तुम्ही मुद्दाम निवडलात का?"

मी म्हटलं, "मुद्दाम नाही तर काय झोपेत?"

तो म्हणाला, "तुम्हाला मंडळासमोर यावं लागेल." तेरा नोव्हेंबरला सुनावणी आहे. जोडीलाही प्रत गेली. ती म्हणते, सुनावणीत काय होतं ते बघू आणि मग बोलू. "मग बोलू" म्हणजे काय ते तुला मला कळतं. हरले तर घर गेलं म्हणून समज.

शेजारच्या टेसनं दाराचा फोटो काढून दिला, तो सोबत पाठवते आहे. फोटो काढताना ती म्हणाली, "फारच छान दिसतंय हो!" आणि बराच वेळ हसत होती. मुलगी गोड आहे. तूच बघ आणि सांग, हा वाळका गहू नाही तर काय आहे? मी तुझं पत्र मंडळासमोर ठेवीन.

आणि जरा मोठं लिहीत जा. तुझं अक्षर हल्ली मुंग्यांसारखं झालंय.

तुझी,
व्हर्ना


नेब्रास्का
२२ ऑक्टोबर

प्रिय व्हर्ना,

हे बघ, मोठं लिहिते आहे.

फोटो बघून मी आधी टाळ्याच वाजवल्या. म्हटलं, शाब्बास! त्या खत्रूड बोकडाच्या नाकावर टिच्चून माझ्या बहिणीनं दार गुलाबी करून टाकलं! मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि खाली बसले. तू थट्टा करत नाहीयेस.

व्हर्ना, तुझं दार गुलाबी आहे. ईस्टरच्या हॅमसारखं गुलाबी. आपण दोघी गव्हाच्या शेतात वाढलो. वाळका गहू कसा दिसतो हे तुला कळणार नाही, असं होणं नाही. मग मी एकेक आठवत गेले. पानाबाहेर गेलेली ओळ. केकमधलं मीठ. तुला न दिसलेली नळी, न दिसलेलं तण. आणि मला आपली आई आठवली. शेवटी शेवटी ती बोलताना आपल्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायची, आणि आपण हसायचो.

डोळ्यांचं काय झालंय? कधीपासून? मला खरं सांग. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण आधी ऐकून घेईन. तू सांगितलं नाहीस तर मी जोडीला फोन करीन, मग तू जन्मभर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. एकटी घरात पडून राहिलीस तर मी इथून काय करणार आहे?

आणि त्या पीलला माझा निरोप सांग. ज्याला बंडखोर बाई आणि न दिसणारी बाई यांतला फरक कळत नाही, त्यानं मंडळाचा अध्यक्ष काय, माझ्या कोंबड्यांचा राखणदारही होऊ नये.

तुझी,
ओपल


नेब्रास्का
७ नोव्हेंबर

व्हर्ना,

पत्र नाही. फोन उचलत नाहीस. तुझ्या सुनावणीपर्यंत थांबते, त्यानंतर जोडीला फोन.

ओपल


क्वेल रिज
१५ नोव्हेंबर

प्रिय ओपल,

अक्षर बघून दचकू नकोस. बोलते आहे मीच, लिहिताहेत मिस्टर पील. हो, तेच. खत्रूड बोकड.

(शब्द मूळ पत्रातले आहेत. — ए. पील)

तुझं पत्र आल्यापासून मी ते रोज भिंगाखाली घेऊन बसत होते. "मोठं लिहिते आहे" एवढं वाचता आलं. पुढे तुला राग आला असणार, कारण पुढे पुन्हा मुंग्या. कुणाला वाचायला द्यावं तर बिंग फुटणार. फोन उचलावा तर तू विचारणार, "मग काय ते सांग", आणि तू काय विचारलंयस हेच मला ठाऊक नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या सकाळी मी तुझी दोन्ही पत्रं घेऊन पोर्चवर बसले होते. मिस्टर पील फाटकापाशी थांबले आणि म्हणाले, "मिसेस हॅस्केट, पत्र तुम्ही उलटं धरलंय."

मला असा संताप आला! मी कागद त्यांच्या पुढ्यात धरला आणि म्हटलं, "मग वाचा की तुम्हीच!"

त्यांनी वाचलं, ओपल. उभ्यानं, रेडिओवर हवामान सांगतात त्या आवाजात. एक शब्द गाळला नाही. बोकडही नाही, कोंबड्याही नाहीत. "तुझं दार गुलाबी आहे" यापाशी मात्र थांबले.

मी विचारलं, "गुलाबी?"

ते म्हणाले, "बऱ्यापैकी."

मग मी रडले. डेल गेल्यापासून इतकी रडले नव्हते.

तर खरं असं आहे. वसंतापासून माझ्या नजरेचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, मधे नुसता धुरकट डाग. डॉक्टर म्हणाले, कडेचं राहील, गेलेलं परत येणार नाही. मी कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं की घर सोडावं लागणार. तुलाही नाही सांगितलं, कारण तुझ्या पोटात काही राहत नाही.

मला वाटलं, आता संपलंच. यांना कळलं म्हणजे मंडळाला कळलं, म्हणजे पोर्टलंडला कळलं. पण त्यांनी टोपी काढली आणि पायरीवर बसले. म्हणाले, "ग्रेटालाही दिसत नव्हतं. शेवटची काही वर्षं तर अजिबात नाही."

ग्रेटा म्हणजे त्यांची बायको. इतकी वर्षं समोरासमोर राहून मला हे कळलं नाही! ती रोज सकाळी एकटी गल्लीच्या टोकाच्या टपालपेट्यांपर्यंत चालत जायची, ताठ मानेनं. काठी घेत नसे, आणि काळा चष्मा तर या उन्हात सगळेच घालतात. आपण हात केला तरी ओळख देत नाही म्हणून मी तिला आढ्यताखोर समजायचे. मी विचारलं, "काठीशिवाय ती चालायची कशी?"

"फुटपाथवर काही नसायचं," ते म्हणाले. "डबा नाही, नळी नाही, फांदी नाही. ते मी बघत होतो."

ओपल, सगळी गल्ली ज्या माणसाच्या नावानं बोटं मोडत होती, तो रोज सकाळी बायकोची वाट साफ करत होता.

मी म्हटलं, "पण आता ती नाही. मग अजून कशाला फिरता?"

"सवय." मग म्हणाले, "आणि उन्हाळ्यापासून तुम्ही फुटपाथकडेच्या कठड्याला हात लावत चालता, हे मी बघितलं होतं. नळी तुमच्याच पायात आली असती."

"मग तोंडानं सांगायचं ना! नोटिशी कसल्या पाठवता?"

"मला नोटीस लिहिता येते," ते म्हणाले. "दुसरं मला जमत नाही."

(हे बरोबर आहे. — ए. पील)

त्यांना वाटलं होतं, जोडीला प्रत जाते हे बरंच आहे, लेक मदतीला येईल. ती घर विकेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मंडळासमोर उभी राहिले. मी म्हणणार होते, चूक झाली, दार पुन्हा रंगवते. पण त्याआधी अध्यक्ष महाशय उठले आणि त्यांनी स्वतःच काढलेल्या नोटिशीविरुद्ध स्वतःच ठराव मांडला! म्हणाले, दिसत नसलेल्या माणसाच्या सोयीसाठी नियमाला अपवाद करावा, असा देशाचा कायदा आहे. या गल्लीत सगळी दारं एकसारखी. मिसेस हॅस्केटना आपलं दार ओळखता यायला हवं, सबब ते आहे तसं राहावं.

कुणीतरी मागून म्हणालं, "पण गुलाबी?"

"रंगाचं नाव ठरावात दिलेलं आहे," मिस्टर पील म्हणाले. "कृपया वाचून घ्यावं."

सगळे हात वर गेले. मला दिसले नाहीत, पण टेसनं कानात सांगितलं. मंडळाच्या जन्मापासूनचा हा पहिला अपवाद आहे.

(दुसरा. पहिला ध्वजाच्या काठीबाबत होता. — ए. पील)

आता तू जोडीला फोन करू नकोस. मीच सांगेन. फक्त थोडा धीर गोळा करू दे.

तुझी,
व्हर्ना


नेब्रास्का
२४ नोव्हेंबर

प्रिय व्हर्ना,
आणि मिस्टर पील, तुम्हीच वाचणार असाल म्हणून,

बोकड मी मागे घेते. कोंबड्यांचंही मागे घेते. माझ्या कोंबड्या राखायला तुम्ही केव्हाही या, त्यांना शिस्तीची गरज आहे. माझ्या बहिणीसाठी तुम्ही जे केलंत त्याबद्दल तुमचे कसे आभार मानावेत मला कळत नाही, म्हणून मुरंब्याच्या दोन बरण्या पाठवते आहे. एक तुमची. व्हर्नाला ती उभ्यानं संपवू देऊ नका.

व्हर्ना, इकडे ये म्हणाले होते ते विसर. परवा मी स्वतःच त्या पंपाच्या नळीत अडखळून पडले, आणि मला तर सगळं दिसतं! इतकी वर्षं मी म्हणत आले, तू पिंजऱ्यात राहतेस. तो पिंजरा नाही गं, जिन्याचा कठडा आहे. धरून चाल.

आता एक गोष्ट, जी मी तुझ्यापासून लपवली. डेलनं जायच्या आधी मला फोन केला होता. आईच्या स्वयंपाकघराचा रंग नेमका कसा होता, हे विचारायला. तू त्याची सारखी आठवण काढतेस, म्हणून तुझ्या वाढदिवसाला तुझं न्हाणीघर त्या रंगात रंगवायचं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, हॅमसारखा गुलाबी. मग तो गेला, आणि ते सांगायचा मला धीर झाला नाही. मला वाटलं, त्यानं रंग घेतलाच नसेल. आज फोटो पुन्हा काढून बघितला. तोच रंग आहे, व्हर्ना. आईच्या स्वयंपाकघराचा.

जोडीला सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे तिला.

तुझी,
ओपल

मिस्टर पील, इथे ती रडायला लागली असेल तर तिला कॉफी द्या.


क्वेल रिज
३ फेब्रुवारी

प्रिय ओपल,

हे मीच लिहिते आहे. जाड काळा मार्कर घेतलाय, पानावर चारच ओळी मावतात, म्हणून पाकीट इतकं फुगलंय. कॉफी दिली होती त्यांनी. बेचव होती. दोनदा मागून घेतली.

जोडी नाताळला आली. पहिल्याच संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती रडली, चिडली, पुन्हा रडली आणि म्हणाली, "आई, आता तर तू एकटी राहूच शकत नाहीस." मी म्हटलं, "आठवडाभर बघ, मग ठरव." मग रोज सकाळी मी फिरायला निघाले की ती चोरासारखी मागून यायची. तिला वाटायचं, मला कळत नाही. तिच्या चपला मैलभर ऐकू येतात!

तिनं बघितलं, की वाटेत माझ्या पायात काही येत नाही. येताजाता ज्याच्या कुणाच्या लक्षात येईल तो माझा डबा आत घेतो. त्यासाठी नियम नाही, मंडळाचा ठरावही नाही, टेसनं सुरू केलं आणि लोक करायला लागले. तरी जोडीचं मन डळमळत होतं. मग काय झालं ऐक. तिनं भाड्याची गाडी अशी लावली होती, की मागची चाकं फुटपाथवर. सकाळी काचेवर नोटीस! नोटीसही जोडीलाच, प्रतही जोडीलाच. ती तणतणत मिस्टर पीलांकडे गेली. परत आली, गाडी नीट लावली, माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा हात हातात घेतला. तिकडे काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही. पोर्टलंडचं नाव पुन्हा निघालं नाही.

मिस्टर पीलांनी मला बघायला शिकवलं. ग्रेटाला सुरुवातीला असंच शिकवलं होतं म्हणे. जे बघायचंय त्याच्याकडे थेट बघायचं नाही, त्याच्या जरा शेजारी बघायचं. त्यांच्या कानाकडे बघितलं की मला त्यांचा चेहरा दिसतो. ओपल, आई आपल्याला बघत होती गं. कानाकडे बघायची तेव्हा ती आपल्याला नीट बघत होती.

काल मी पहिल्यांदा एकटी टपालपेट्यांपर्यंत गेले. कठड्याला हातही लावला नाही. येताना कोपऱ्यावर थांबले, मिस्टर पीलांच्या फाटकाकडे मान वळवली, आणि कडेला, त्या सगळ्या दूध घातलेल्या कॉफीच्या दारांमध्ये, एक गुलाबी डाग दिसला. मी देवाचे आभार मानले, मग डेलचे, मग तुझे, आणि शेवटी, लोक काहीही म्हणोत, त्या नियमावलीचेही.

मग पुन्हा बघितलं, खात्री करायला. होतं तिथेच. कोपऱ्यावरून मला माझं घर दिसतं, ओपल.

तुझी,
व्हर्ना